चोवीस बाइटांचं राधानगरी: स्ट्रएनकॉपीच्या वॉर्निंग काढताना

गावच्या दूध संस्थेत चालणारा संकलनाचा प्रोग्रॅम सी या भाषेत लिहिलेला आहे. उत्पादकाच्या रेकॉर्डमध्ये नावाला ४० बाइट, तालुक्याला २४ बाइट आणि त्याला लागूनच ४ बाइटांचा कोड नंबर. तालुका भरायची ओळ साधी आहे: स्ट्रएनकॉपी, कुठे तर रेकॉर्डमधल्या तालुक्यात, कुठून तर स्क्रीनवर टाइप झालेल्या मजकुरातून, किती तर साइझऑफ तालुका. फंक्शनांची नावं इथे बोलण्यात येतात तशीच लिहितोय, हे एस-टी-आर-एन-सी-पी-वाय, दिलेल्या मर्यादेपर्यंतचेच बाइट कॉपी करणारं; साइझऑफ म्हणजे त्या जागेचा बाइटांतला आकार. जुन्या जीसीसीवर, म्हणजे सी च्या कंपायलरवर, ही ओळ वर्षानुवर्षं गप होती. डेबियन १२ या लिनक्सवर, म्हणजे जीसीसी १२ खाली बिल्ड केली आणि पडदाभर वॉर्निंग आल्या. त्यातल्या बहुतेकांचा मजकूर एकच: ‘स्पेसिफाइड बाउंड २४ इक्वल्स डेस्टिनेशन साइझ’, म्हणजे दिलेली मर्यादा २४ आणि भरायची जागाही तेवढीच.

यावरचा घरगुती उपाय सगळ्यांना पाठ असतो. साइझऑफमधून एक वजा करायचा, शेवटच्या जागी शून्य ठेवायचं (सी मध्ये मजकूर कुठे संपला ते या शून्य बाइटावरून कळतं), वॉर्निंग जाते. इथेही आधी तोच लावला. वॉर्निंग गेली, आणि फाइलीतलं राधानगरी मोडलं. तोपर्यंत डिस्कवर ते नाव पूर्ण, शुद्ध जात होतं. दुरुस्तीनंतर ‘राधानगर’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसायला लागलं.

कारण बाइट मोजल्याशिवाय कळत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा. ‘ज्ञानेश्वर’ कागदावर चार अक्षरं, पण आत दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके या मापाने मोजले तर असं निघतं: कागल आणि आजरा १२ बाइट, करवीर, शिरोळ, चंदगड १५, भुदरगड १८, पन्हाळा २१, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा प्रत्येकी बरोबर २४, हातकणंगले आणि गडहिंग्लज २७. शेवटचं शून्य यात धरलेलं नाही.

म्हणजे बारापैकी तीन तालुके २४ बाइटांच्या फील्डमध्ये काठोकाठ बसतात आणि शून्याला जागाच उरत नाही. दोन तालुके तर बसतच नाहीत. स्ट्रएनकॉपीचा नियम असा की मर्यादेच्या आत मजकूर संपला तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरायची, आणि संपला नाही तर शून्य न लावता थांबायचं. वॉर्निंग नेमकी याचीच होती.

२४ हा आकडा मूळ प्रोग्रॅमरने चुकीचा धरला असं मात्र म्हणता येत नाही. इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेताच्या काळात, म्हणजे आयएस १३१९४ या १९९१ च्या मानकात, एका चिन्हाला एकच बाइट लागायचा. राधानगरी ८ बाइटांत मावायचं आणि २४ म्हणजे ऐसपैस. मजकूर यूटीएफ-८ झाला तेव्हा नावं तिपटीने फुगली आणि डबे तेवढेच राहिले. कंपायलर बदलल्यामुळे चूक दिसली. ती तयार झाली होती मजकुराची साठवण बदलली त्या दिवशी.

आता तो उणे एक. जुनी ओळ २४ बाइट कॉपी करायची. २४ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे निव्वळ देवनागरी नाव कुठेही तुटलं तरी चिन्हाच्या मधोमध तुटत नव्हतं. हातकणंगलेचं हातकणंगल व्हायचं, चुकीचंच, पण वाचता येणारं. २३ केल्यावर सात चिन्हांचे २१ बाइट गेले आणि आठव्या चिन्हाचे तीनपैकी दोनच. राधानगरीच्या शेवटची दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८ या तीन बाइटांची. त्यातला १२८ कापला गेला आणि २२४, १६५ हे अनाथ दोन बाइट फाइलीत राहिले. वॉर्निंग शांत झाली आणि पाच तालुक्यांची नावं अशुद्ध झाली. त्यातली तीन आधी फाइलीत धडधाकट होती.

हे झाल्यावर सगळे बदल परत घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिलं काम वॉर्निंगची पूर्ण यादी. ती नीट मिळवायला दोन-तीन गोष्टी लागतात. बिल्ड ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीला करायचा, ओ० ला, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, नाही. कुठला मजकूर किती लांब असू शकतो हा हिशोब जीसीसी ऑप्टिमायझेशन करताना मांडतो, त्यामुळे ओ० ला यातल्या कित्येक वॉर्निंग येतच नाहीत. डीबग बिल्ड स्वच्छ आणि रिलीज बिल्ड वॉर्निंगने भरलेला, हे बघून लोक चक्रावतात ते त्यामुळे. जास्त वॉर्निंग दाखवणारे डब्ल्यूऑल आणि डब्ल्यूएक्स्ट्रा हे दोन्ही पर्याय चालू ठेवायचे. मेक क्लीनने जुना बिल्ड पुसून मेक एकाच जॉबवर चालवायचा. चार जॉबवर चालवला की दोन फाइलींच्या वॉर्निंग एकमेकींत मिसळतात आणि ‘इनलाइन्ड फ्रॉम’ची ओळ भलत्याच फंक्शनखाली येऊन बसते. एरर आउटपुट फाइलीत वळवायचा, आणि हेडरमधली एकच ओळ दहा वेळा आली असेल तर ती एकदाच धरायची.

या वॉर्निंगचा इतिहास फार जुना नाही. २०१७ च्या जीसीसी ७ मध्ये स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो आणि फॉरमॅट-ट्रंकेशन आल्या, २०१८ च्या जीसीसी ८ मध्ये स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन आली. पहिली आपोआप चालू असते, बाकीच्या दोन डब्ल्यूऑलमध्ये येतात. जीसीसी ४ किंवा ५ वरून थेट उडी मारली की तिन्ही एकदम अंगावर येतात.

यादी हातात आल्यावर फाइलवार न जाता मजकूरवार गठ्ठे केले, कारण प्रत्येक मजकुराचा रोग वेगळा आहे.

सगळ्यात वाईट गठ्ठा सगळ्यात छोटा होता: ‘बाउंड डिपेंड्स ऑन द लेंग्थ ऑफ द सोर्स’. कुणीतरी कधीतरी स्ट्रकॉपी मर्यादाच घेत नाही, धोकादायक, म्हणून स्ट्रएनकॉपी केलेलं असतं आणि मर्यादा म्हणून स्ट्रलेन ऑफ मूळ मजकूर, म्हणजे त्याच मजकुराची लांबी, दिलेली असते. याला मर्यादा म्हणायचं तरी कसं? गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला भरतात, तेव्हा धार काढणाऱ्याचं लक्ष पेल्याच्या काठाकडे असतं. कासेत किती दूध आहे हे बघून तो धार थांबवत नाही. इथे कासच मोजली होती. वर शून्यही लागत नाही, कारण स्ट्रलेन शून्य सोडून मोजतं. अशी प्रत्येक जागा खरी चूक म्हणूनच धरायची. एकातही सवलत निघाली नाही.

दुसरा गठ्ठा साइझऑफ पॉइंटरचा. फंक्शनला बफर पॅरामीटर म्हणून आला की तो पॉइंटर, म्हणजे नुसता मेमरीतला पत्ता, होतो, आणि त्याचा साइझऑफ ६४ बिट मशीनवर ८, ३२ बिटवर ४. नाव आठच बाइटांचं उतरतं, म्हणजे देवनागरीची दोन चिन्हं आणि तिसऱ्याचे दोन तुकडे. ही वॉर्निंग साइझऑफ-पॉइंटर-मेमॲक्सेस नावाने येते. उपाय एकच, फंक्शनला बफरबरोबर त्याचा आकारही पाठवायचा. स्ट्रएनकॉपीचा चुलतभाऊ, शेवटी मजकूर जोडणारा स्ट्रएनकॅट, हाही याच फेरीत उरकला: त्याची तिसरी संख्या पूर्ण बफरचा आकार नसते, उरलेली जागा वजा एक असते.

तिसरा गठ्ठा फाइलीच्या ओळखचिन्हाचा. हेडरमध्ये डी-यू-डी-एच ही चार अक्षरं चार बाइटांच्या फील्डमध्ये स्ट्रएनकॉपीने लिहिलेली. जीसीसी म्हणतो, चार बाइट कॉपी करताय आणि मजकूरही तेवढाच आहे, शून्य राहिलं. इथे शून्य नकोच आहे. मेमकॉपी (ते शून्य न बघता सांगितलेले बाइट नेतं), चार बाइट, विषय संपला. हेच आरंभी अॅरेला थेट देऊन केलं तर सी ला चालतं, पण जीसीसी १५ डब्ल्यूएक्स्ट्राखाली त्यावरही बोलतो.

खरा वेळ गेला चौथ्या गठ्ठ्यात, म्हणजे ‘बाउंड इक्वल्स डेस्टिनेशन साइझ’मध्ये. कारण इथे कंपायलर चूक दाखवत नाही, प्रश्न विचारतो. ही जागा म्हणजे शून्याने संपणारी स्ट्रिंग आहे, की ठरावीक मापाचा डबा? स्ट्रएनकॉपी जन्माला आलं ते डब्यासाठीच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटांची असायची, २ बाइट आयनोड क्रमांक आणि १४ बाइट फाइलीचं नाव. नाव १४ चं असलं तर शून्य नाही, कमी असलं तर उरलेली जागा शून्यांनी भरलेली. नावात ‘स्ट्र’ आहे म्हणून त्याला स्ट्रिंगचं सुरक्षित कॉपी फंक्शन समजण्याची चूक तेव्हापासून चालत आली आहे.

आमचं रेकॉर्ड डब्यांचंच आहे. त्याची मांडणी बदलता येत नव्हती, कारण तीच फाइल दुसरा प्रोग्रॅम वाचतो आणि तो आमच्या हातात नाही. मग चूक कुठे? चूक भरण्यात नव्हती, वाचण्यात होती. रिपोर्ट छापणारा कोड हा डबा स्ट्रिंग समजून सरळ ‘टक्का एस’ने, म्हणजे शून्य सापडेपर्यंत, छापत होता.

त्याचे परिणाम मजेशीर आहेत, आणि चूक इतकी वर्षं कशी लपली तेही त्यातच दिसतं. तालुक्याच्या २४ बाइटांत शून्य सापडलं नाही की छपाई पुढच्या फील्डमध्ये शिरते, म्हणजे कोड नंबरात. कोड लिटल-एंडियन, सगळ्यात लहान बाइट आधी. उत्पादकाचा कोड ६५ असेल तर राधानगरीला चिकटून इंग्रजी मोठा ए छापला जातो, मग शून्य येतं आणि छपाई थांबते. कोड १० असेल तर तो बाइट म्हणजे नवी ओळ, रिपोर्टमधली रांग मध्येच मोडते. कोड ७ ला टर्मिनल टुंग करून वाजतं. कोड ४४ हा स्वल्पविराम. त्या उत्पादकाची रांग सीएसव्हीत गेली की एक कॉलम वाढतो, आणि तालुक्यापुढचे फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) एकेक घर सरकतात. कोड २५६ किंवा ५१२ चा पहिलाच बाइट शून्य, तिथे सगळं नीट. करवीर, कागल, शिरोळच्या संस्थांत तर हे कधीच दिसत नाही, त्यांची नावं डब्यात आरामात बसतात. ‘अमक्याच संस्थेत अमक्याच माणसाचं बिल वाकडं येतं’ अशी तक्रार आली की सगळे एक्सेलला, प्रिंटरला, नाहीतर संस्थेच्या सचिवाच्या टायपिंगला दोष देऊन मोकळे होतात.

इथे प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरवर भिस्त ठेवता येत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तो चालवला आणि तो गप राहिला. त्याच्या दृष्टीने वाचन रेकॉर्डच्या हद्दीतच चाललंय. तालुक्यातून कोडमध्ये गेलं तरी मेमरीचा तुकडा एकच. फोर्टिफाय सोर्स या तपासणीच्या पर्यायाची दुसरी पातळी फील्डची हद्द ओळखते, पण स्ट्रकॉपीसारखी कॉपी फील्डबाहेर लिहायला गेली तर. इथे तर सगळा घोळ वाचण्यात होता. त्यामुळे या जातीच्या चुकीवर कंपायलरची वॉर्निंग हाच एकमेव पहारेकरी होता, आणि त्यालाच उणे एक करून झोपवलं होतं.

दुरुस्ती तीन छोट्या फंक्शनांत बसवली आणि बाकी बहुतेक जागांवरून स्ट्रएनकॉपी काढून टाकलं.

पहिलं डबा भरणारं. मजकुराची लांबी मोजायची. डब्याइतकी किंवा कमी असेल तर तेवढे बाइट मेमकॉपीने न्यायचे आणि उरलेल्या जागेत मेमसेटने शून्य. २४ चे २४ भरले तरी हरकत नाही. लांबी जास्त असेल तर कापायची जागा शोधायची: डब्याच्या मापापासून सुरू करून, त्या जागेवरच्या बाइटला १९२ शी अँड केल्यावर १२८ येत असेल तर तो चिन्हाचा मधला बाइट, एक पाऊल मागे. १२८ येत नाही तिथे नवं चिन्ह सुरू होतं, त्याच्या आधी कापायचं. तुलना करताना बाइट अनसाइन्ड कॅर म्हणूनच घ्यावा. इथे अँड केल्यावर साइन आड येत नाही, पण याच्या शेजारी कुणी ‘बाइट १२७ पेक्षा मोठा का’ असा प्रश्न लिहितोच, आणि एक्स८६ वर साध्या कॅरला त्याचं उत्तर कायम ‘नाही’. फंक्शनने कापलं की नाही हे परत सांगायचं, आणि बोलावणाऱ्याने ते बघायचंच.

दुसरं डब्यातून काढणारं. स्ट्रएनलेनने जास्तीत जास्त २४ पर्यंत लांबी बघायची, तेवढं किमान २५ बाइटांच्या बफरमध्ये न्यायचं, शेवटी शून्य लावायचं. नुसतं छापायचंच असेल तर ‘टक्का टिंब २४ एस’ पुरतं. प्रिसिजन दिलं की प्रिंटएफ त्यापुढे वाचत नाही, शून्य असो वा नसो. ही संख्या बाइटांची असते, अक्षरांची नाही, त्यामुळे कॉलम सरळ करायला तिचा उपयोग नाही. देवनागरीचे कॉलम प्रिंटएफने सरळ होत नाहीत, तो नाद सोडलेला बरा.

तिसरं खऱ्या स्ट्रिंगचं. स्क्रीनवरचे बफर, फाइलींचे पत्ते, लॉगच्या ओळी. इथे शून्य हवंच आणि कापलं गेलं तर कळायला हवं. स्ट्रएलकॉपी हे यासाठी बरं फंक्शन आहे. १९९८ साली ओपनबीएसडीत आलं, पण जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या सी च्या लायब्ररीत, यायला २०२३ चं २.३८ उजाडलं. डेबियन १२ वर जीलिबसी २.३६ आहे, तिथे ते नाही, उबंटू २४.०४ वर २.३९ आहे, तिथे आहे. एकाच्या लॅपटॉपवर बिल्ड होतं आणि संस्थेतल्या मशीनवर लिंकर अडतो, तो यामुळे. एलडीडीला व्हर्जन विचारलं की लगेच कळतं. आम्ही एसएनप्रिंटएफ ठेवलं. ते किती लिहायला हवं होतं ते परत देतं. तो आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेलाय. हा आकडा तपासला नाही तर फॉरमॅट-ट्रंकेशनची वॉर्निंग येते, तपासला की जाते. काहीजण पुढे व्हॉइड कास्ट लावून बघतात, त्याने जात नाही, आणि जायलाही नको.

डबा आणि स्ट्रिंग या दोन जाती एकमेकींत मिसळल्या की नवे घोळ होतात. स्ट्रएलकॉपी डब्यावर चालवलं की दोन्ही बाजूंनी फसतं. डबा हा मूळ मजकूर असेल, तर ते आधी पूर्ण लांबी मोजायला निघतं आणि शून्य शोधत कोड नंबरातून पुढे जातं. डबा भरायची जागा असेल, तर नावानंतर एकच शून्य लावतं, उरलेली जागा जशीच्या तशी सोडतं. रेकॉर्ड स्टॅकवर असेल तर आधीच्या फंक्शनचा कचरा त्या जागेत असतो आणि तो फाइलीत जातो. वर बघता नाव बरोबर दिसतं, पण तेच रेकॉर्ड दोनदा लिहिलं तर सीआरसी, म्हणजे बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा, वेगळा येतो आणि बाइट ताडून बघणारं मेमकंप म्हणतं रेकॉर्ड बदललंय. ‘स्ट्रएनकॉपी वाईट, सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारा’ या सल्ल्यातला खड्डा हाच. शून्यांनी भरण्याचा जो गुण मोठ्या बफरवर फुकटची मेहनत ठरतो, तोच डब्यात लागतो.

डबे आहेत हे कंपायलरलाही सांगता येतं. फील्डच्या घोषणेला नॉनस्ट्रिंग हे ॲट्रिब्यूट लावायचं. जीसीसी ८ पासून ते आहे. लावलं की बाउंडची वॉर्निंग जाते, आणि उलट कुणी त्या फील्डवर स्ट्रलेन किंवा स्ट्रकॉपी चालवलं तर नवी वॉर्निंग येते. ते लावल्यावर यादी आधी वाढली, कारण डबा स्ट्रिंगसारखा वाचणाऱ्या जागा एकेक करून वर आल्या. या कामात वॉर्निंग वाढल्या म्हणून आनंद व्हावा असा तेवढाच एक क्षण. दुसऱ्या कंपायलरला हे ॲट्रिब्यूट कळेलच असं नाही, म्हणून ते मॅक्रोमागे ठेवलेलं बरं.

काही जागी कोड बरोबर असूनही वॉर्निंग उरली. स्ट्रएनकॉपी आणि शेवटचं शून्य लावणारी ओळ यांच्यामध्ये लॉगची एखादी ओळ आली की जीसीसीला ते शून्य दिसत नाही. ते लगेच पुढच्या ओळीत हवं. ओळ वर सरकवली की काम होतं. प्रॅग्मा, म्हणजे कोडमधूनच कंपायलरला दिलेली सूचना, वापरून वॉर्निंग बंद करायची वेळ एकाच जागी आली. तिथे पुश, इग्नोर्ड, पॉप असं तेवढ्याच ओळीभोवती, आणि का बंद केली ते वर मराठीत लिहून. मेकफाइलमध्ये नो-स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन टाकायचा मोह होतो. तो टाकला की उद्याची नवी चूकही दिसत नाही.

विंडोजवर हिशोबाचा भाग व्हिज्युअल स्टुडिओत बिल्ड होतो. तिथली सी४९९६ ही वॉर्निंग वेगळी चीज आहे: ती मापं बघत नाही, फंक्शनचं नाव बघून बोलते आणि स्ट्रकॉपी-एस वापरायला सांगते. ते फंक्शन मजकूर मावला नाही तर कापत नाही, सरळ प्रोग्रॅम बंद पाडतं. दहा दिवसांचं बिल निघताना प्रोग्रॅम बंद पडणं कुठल्याही सचिवाला चालणार नाही. तिथेही आमची तीन फंक्शनं ठेवली आणि सी४९९६ त्या एका फाइलीपुरती बंद केली. मात्र व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधीपासूनचं, अधोरेखा लावलेलं एसएनप्रिंटएफ मजकूर काठोकाठ भरला की शून्य लावत नाही. जुना कोड असेल तर ते शोधून काढावं.

चाचणीला वेगळी हुशारी लागली नाही, बारा तालुके पुरले. प्रत्येक नाव भरायचं, फाइलीत लिहायचं, परत वाचायचं, आणि प्रत्येकासाठी कोड १, ७, १०, ४४, ६५, २५६ असे घालून सीएसव्ही काढायची. कॉलमची संख्या प्रत्येक ओळीत सारखी हवी, आणि मजकुराची साठवण बदलून देणाऱ्या आयकॉनव्हला यूटीएफ-८ वरून यूटीएफ-८ करायला लावलं की तक्रार यायला नको; अनाथ बाइट असेल तर आयकॉनव्ह तिथेच थांबतो. यात गडहिंग्लजचं नाव फार उपयोगी. ते २४ वर कापलं की ‘गडहिंग्ल’ आणि २१ वर कापलं की ‘गडहिंग्’, पाय मोडलेलं. यूटीएफ-८ म्हणून दोन्ही शुद्ध, आयकॉनव्ह काही बोलत नाही. चिन्हाच्या सीमेवर कापणं म्हणजे अक्षराच्या सीमेवर कापणं नव्हे, हे तिथे डोळ्यांना दिसतं. त्यामुळे कापणारा कोड कितीही शहाणा केला तरी खरं उत्तर न कापणं हेच, आणि कापलंच तर लॉगमध्ये ओरडणं.

नव्या फाइलीच्या दुसऱ्या आवृत्तीत तालुक्याला ३२ बाइट दिले. २७ आणि शून्य मिळून २८ लागतात. गावाला ६४, कारण नुसतं ‘गोकुळ शिरगाव’ ३४ बाइट होतं. खरं तर तालुका मजकूर म्हणून ठेवायचाच कशाला, १ ते १२ आकडा पुरला असता, पण ती मांडणी ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. माप स्क्रीनवरच तपासायचं आणि मावत नसेल तर तिथेच अडवायचं, म्हणजे सचिव समोर बसलेला असतानाच नाव आखूड करता येतं. पहिल्या आवृत्तीची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी अजून निघते, ती डबा भरणाऱ्या फंक्शनमधून.

सगळं शून्यावर आल्यावर मेकफाइलमध्ये स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन, स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो आणि फॉरमॅट-ट्रंकेशन या तिघींना एररचा दर्जा दिला. प्रत्येक वॉर्निंगला एरर करणारा डब्ल्यूएरर सरसकट लावला नाही. पुढचा कंपायलर पुढची वॉर्निंग आणेल आणि ऐन बिलाच्या दिवशी बिल्ड अडेल.

राहिल्या जुन्या फाइली. त्यातले कापलेले तालुके परत जोडणं सोपं निघालं: ‘हातकणंगल’ किंवा ‘गडहिंग्ल’ने सुरू होणारा तालुका जिल्ह्यात एकेकच आहे, त्यामुळे बारा नावांच्या यादीशी सुरुवात जुळवली की पूर्ण नाव मिळतं. उणे एकच्या दुरुस्तीने बिघडवलेली रेकॉर्डंही अनाथ बाइट सोडून जुळवता आली. उत्पादकांच्या नावाला अशी यादी नाही. ४० बाइटांत निव्वळ देवनागरीची तेरा चिन्हं आणि चौदाव्याचा एक तुकडा, एवढंच मावलेलं. ज्या रेकॉर्डमध्ये नावाचे ४० च्या ४० बाइट भरलेले आहेत त्यांची कोड नंबरसह यादी छापून संस्थेत दिली, आणि ती नावं सभासद रजिस्टर उघडून हातानेच भरावी लागली.